कमी चालणाऱ्या गाडीत ब्रेक आणि स्टीअरिंगचे आवाज: पार्ट बदलण्याआधी काय तपासावं

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यातली ५ वर्षांची छोटी हॅचबॅक, १८,००० किमी झालेली, आठवड्यातून जेमतेम एकदा बाहेर निघणारी. पुढे डिस्क, मागे ड्रम, इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग. सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला घर्रघर्र, नंतर अधूनमधून बारीक किंचाळल्यासारखा आवाज. जागेवर स्टीअरिंग वळवलं की कुरकुर, आणि कधीतरी एकच ‘टण्’. सर्व्हिस सेंटरने पुढच्या दोन्ही डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्या), पॅड (त्या तबकड्यांना दाबून गाडी थांबवणारे) आणि दोन्ही स्ट्रट माउंट (पुढच्या शॉकअप-स्प्रिंगचा वरचा आधार) बदलायला सांगितलंय. बदलावं का?

एवढ्या माहितीवर तरी नाही. १८,००० किमीला पॅड झिजून संपणं फार क्वचित घडतं, डिस्क संपणं तर त्याहून क्वचित. कमी चालणाऱ्या गाडीतले बहुतेक आवाज झिजेतून येत नाहीत, उभं राहण्यातून येतात. लोखंडावर गंज चढतो, ग्रीस सुकतं, रबर कडक होतं, पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. यातलं बरंचसं साफसफाई, ग्रीस आणि नीट चालवण्याने सुटतं. पण उभ्या गाडीत काही बिघाड असेही होतात की त्यांची दुरुस्ती पुढे ढकलता येत नाही. दोन्ही कसे ओळखायचे ते सविस्तर लिहितो.

सकाळच्या घर्रघर्रपासून सुरुवात करू. ब्रेकची डिस्क साध्या बिडाची असते आणि तिच्या घासणाऱ्या भागावर रंग किंवा लेप टिकत नाही. ठाण्या-मुंबईच्या दमट हवेत, आणि पावसाळ्यात तर एका रात्रीत, तिच्यावर तांबूस थर येतो. गाडी धुऊन तशीच उभी केली तर काही तासांत येतो. पहिल्या चार-पाच ब्रेकला पॅड तो थर खरवडून काढतात, म्हणून वाळू घासल्यासारखा आवाज येतो आणि थांबतो. याला दुरुस्ती लागत नाही.

गाडी दोन-तीन आठवडे हललीच नाही तर प्रकार पुढे जातो. पॅड जिथे डिस्कला टेकून असतो तिथे ओल अडकते आणि पॅडच्या आकाराचा डाग उमटतो. मग चाकाच्या प्रत्येक फेरीला तो डाग पॅडखालून जातो तेव्हा ‘घस्... घस्...’ असा तालात आवाज येतो आणि पेडलवर हलकी थरथर जाणवते. डाग वरवरचा असेल तर तो पॅडनेच काढता येतो. मोकळा, सरळ रस्ता बघा, मागे गाडी नाही याची खात्री करा. ६० च्या वेगावरून १५ पर्यंत मध्यम दाबाने ब्रेक लावा, पूर्ण थांबू नका, पुन्हा वेग घ्या. असं ८ ते १० वेळा, दोन ब्रेकमध्ये अर्ध्या मिनिटाची उसंत देऊन. शेवटी दोन-तीन किमी ब्रेक फारसा न वापरता गाडी चालवा, म्हणजे डिस्क थंड होतील. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहायचं नाही, नाहीतर पॅडचा नवा ठसा डिस्कवर उमटतो.

एवढं करूनही ताल गेला नाही तर चाक काढून डिस्क बघायला हवी. बोट फिरवल्यावर खड्डे लागतात का? बाहेरच्या कडेला गंजाचा उंच काठ तयार झालाय का? तो काठ पॅडच्या कडेला घासला की सतत बारीक खरखर येते, ब्रेक न लावताही. काठ आणि उथळ खड्डे लेथवर डिस्क टर्न करून, म्हणजे पृष्ठभाग सपाट कातून, जातात, पण टर्न केल्यानंतरची जाडी किमान मर्यादेच्या वर राहिली पाहिजे. ही मर्यादा बहुतेक डिस्कवरच, मधल्या टोपीच्या भागावर किंवा कडेवर, ‘मिनिमम थिकनेस’ म्हणून मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. खोल खड्डे असतील तरच नवी डिस्क घ्या, आणि ती बसवताना हबचा (डिस्क ज्यावर बसते त्या मधल्या भागाचा) चेहरा वायर ब्रशने घासून स्वच्छ करायला सांगा. हबवर गंजाचा एक बारीक पापुद्रा राहिला तरी नवी डिस्क वाकडी फिरते, आणि नव्या डिस्कची थरथर म्हणून लोक पुन्हा गॅरेजला येतात.

आता बारीक किंचाळण्याबद्दल. तालुक्याच्या गॅरेजपासून मोठ्या वर्कशॉपपर्यंत सगळीकडे यावर पहिलं उत्तर ‘पॅड संपले’ हेच मिळतं, आणि कमी चालणाऱ्या गाडीत ते बहुधा चुकीचं असतं. बऱ्याच पॅडवर एक पातळ पोलादी पट्टी असते. घासणारा माल साधारण २-३ मिमी उरला की ती डिस्कला टेकते आणि उंच सुरात किंचाळते. ही पट्टी वाजायला लागली तर आवाज टिकून राहतो, दिवसेंदिवस वाढतो. नव्या पॅडवर साधारण १० मिमी माल असतो. ३ मिमीला बदलायचे. म्हणजे ‘अर्धे झालेत, बदलून टाकू’ या सल्ल्याला अर्थ नाही. मोजायला सांगा, आकडा विचारा. मात्र बाहेरचा पॅड बघून समाधान मानू नका. ॲलॉयच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा. पिस्टनच्या (पॅडला ढकलणाऱ्या दट्ट्याच्या) बाजूचा आतला पॅड चाक काढल्याशिवाय नीट दिसत नाही, आणि कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) अडकला असेल तर तोच आधी संपतो.

माल भरपूर असूनही आवाज येत असेल तर दोन शक्यता. पहिली, पॅड चकचकीत झालेत. सोसायटीच्या फाटकापासून भाजी बाजारापर्यंत, २५-३० च्या वेगात, हलक्या पायाने ब्रेक लावत राहिलं की पॅड कधी पुरेसे तापतच नाहीत. वर लिहिलेला ६० ते १५ चा सराव यालाही लागू पडतो. त्याने न गेल्यास पॅड काढून ८० किंवा १०० नंबरच्या पॉलिश पेपरवर, सपाट काचेवर किंवा फरशीवर ठेवून, चकाकी जाईपर्यंत घासायचे. धूळ तोंडात जाऊ देऊ नका, मास्क लावा, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. ब्रेक क्लीनरने किंवा ओल्या फडक्याने पुसा.

दुसरी शक्यता मला जास्त महत्त्वाची वाटते: कॅलिपरच्या पिना. कॅलिपर दोन पिनांवर आत-बाहेर सरकतो. त्यांच्यावरचं ग्रीस चार-पाच वर्षांत सुकतं, पिनेवरच्या बुटाला (रबरी आवरणाला) चीर पडली की पाणी आत जातं आणि पिन गंजून अडकते. मग ब्रेक सोडला तरी एक पॅड डिस्कला टेकून राहतो. आवाज येतो, ॲव्हरेज पडतं, एका बाजूचे पॅड दुप्पट वेगाने संपतात. तपासायला सोपं आहे. ५-६ किमी चालवून, शेवटचा भाग ब्रेक कमीत कमी वापरून, गाडी थांबवा. चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. डिस्कला हात लावू नका, भाजेल. एकाच धुऱ्यावरच्या डाव्या-उजव्या चाकांत एक स्पष्ट जास्त गरम असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही.

पिनांचं काम कुठल्याही बऱ्या मेकॅनिकला तासाभरात जमतं, पण तपशील चुकतात. पिना पूर्ण बाहेर काढून जुनं ग्रीस पुसायचं, गंज असेल तर बारीक पेपरने घासायचा, भोकही साफ करायचं. ग्रीस ब्रेकसाठी बनवलेलं सिलिकॉन किंवा सिंथेटिकच हवं. बेअरिंगला लावतात ते पिवळं-लाल साधं ग्रीस रबराला फुगवतं आणि काही महिन्यांत पिन पुन्हा अडकते. थर पातळ लावायचा. भोकात ग्रीस कोंबलं तर हवा अडकून पिन नीट आत जात नाही. वरची आणि खालची पिन बऱ्याच गाड्यांत वेगळी असते, एकीवर रबराचं नळकांडं असतं. अदलाबदल करू नका. पॅड ज्या खाचांत बसतो तिथल्या स्टीलच्या क्लिपांखाली गंज साचतो, तो काढला नाही तर पॅड घट्ट बसून अडकतो. त्या क्लिपा आणि पॅडमागच्या पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) परत जागेवर गेल्याच पाहिजेत. ‘याची गरज नसते’ म्हणून त्या फेकून दिलेल्या असतात आणि मग नवे पॅडही पहिल्या दिवसापासून वाजतात. कॅलिपर रबरी होजवर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधावा. पिस्टन मागे दाबताना टाकीतलं ब्रेक ऑइल वर येतं, ते सांडून बॉडीचा रंग खाऊ देऊ नका. आणि काम झाल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करायचं. हे विसरलं तर पहिला ब्रेक लागत नाही.

ब्रेक ऑइलचा आवाजाशी थेट संबंध नाही, पण अडकलेल्या पिस्टनशी आहे. ते हवेतली ओल शोषतं, आतून गंज धरवतं आणि उकळबिंदूही उतरतो. डॉट ३ प्रकारच्या ऑइलचा कोरडा, म्हणजे ओल न शोषलेल्या नव्या ऑइलचा, उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असतो, ओल शोषल्यावर तो १४० पर्यंत येऊ शकतो. किलोमीटर कितीही असोत, दर दोन वर्षांनी बदला. ५ वर्षं एकच ऑइल असेल तर या प्रकरणात खर्च करण्यासारखी पहिली गोष्ट हीच आहे.

मागच्या ड्रमचा त्रास वेगळा असतो. पावसात गाडी हँडब्रेक ओढून काही दिवस उभी राहिली की लायनर (ड्रमला आतून घासून ब्रेक लावणारे भाग) ड्रमला चिकटतात. निघताना मागून ‘धप्’ आवाज येऊन चाक सुटतं. कधीकधी सुटतच नाही, गाडी मागून खाली बसते आणि जागची हलत नाही. तेव्हा क्लच जाळत रेस करू नका. पहिला आणि रिव्हर्स आळीपाळीने घालून हलकेच पुढे-मागे झुलवा. नाही सुटलं तर चाक काढून ड्रमच्या कडेवर रबरी हातोड्याने ठोका. अनेक गाड्यांच्या ड्रमवर दोन आटे असलेली भोकं असतात, त्यांत ८ मिमीचे दोन बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले की ड्रम बाहेर येतो. उघडलाच आहे तर लायनर ज्या सहा ठिकाणी मागच्या प्लेटवर घासतात तिथे गंज काढून ब्रेक ग्रीसचा ठिपका लावून घ्या. ब्रेक लावताना किंवा सोडताना मागून येणारी कुरकुर बहुधा तिथलीच असते. लायनरच्या ड्रमला घासणाऱ्या पृष्ठभागाला मात्र ग्रीसचा हात लागता कामा नये. हँडब्रेकची केबलही बघा. बूट फाटून आत पाणी गेलं की लिव्हर खाली असूनही केबल मागे येत नाही.

काही आवाज निव्वळ माहीत असावेत म्हणून सांगतो. गाडी सुरू करून पहिल्यांदा १०-२० चा वेग पकडला की बॉनेटखालून क्षणभर ‘घूं-टक्’ येतं, ते एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) स्वतःची चाचणी घेतं. अचानक, चाकाच्या गतीने, कानठळ्या बसवणारी धातूची किंकाळी सुरू झाली तर बऱ्याचदा डिस्क आणि मागच्या पातळ पत्र्यात खडा अडकलेला असतो. रिव्हर्समध्ये थोडं गेल्यावर तो पडतो, नाहीतर पत्रा बोटभर वाकवावा लागतो. आणि महिनाभर उभ्या गाडीचे टायर जमिनीला टेकतात तिथे चपटे होतात, पहिल्या १०-१५ किमीत ‘धब धब’ येऊन जातं. हे ब्रेकचं समजून डिस्क बदलल्या जातात. हवा भरा, चालवा, मग ठरवा.

स्टीअरिंगकडे येऊ. इथे आवाज ऐकण्यापेक्षा तो कुठून येतो ते हाताने शोधणं जास्त उपयोगी पडतं. सोबत एक माणूस घ्या. गाडी सपाट जागी, इंजिन सुरू, न्यूट्रल, हँडब्रेक, चाकांना वीट किंवा दगड. त्याने स्टीअरिंग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश फिरवावं. गाडी जॅकवर असेल तर खाली शिरू नका, स्टँड लावल्याशिवाय अजिबात नाही.

आधी जमीन बघा. इमारतीखालच्या पार्किंगला गुळगुळीत इपॉक्सी किंवा पॉलिश फरशी असेल तर वळताना टायरच किंचाळतात. बाहेर डांबरावर तोच प्रयोग करा. तिथे आवाज नसेल तर शोध संपला.

आवाज पायाशी, पेडलजवळ येत असेल तर स्टीअरिंगचा दांडा जिथून इंजिनच्या बाजूला जातो तिथलं रबरी सील सुकलेलं असतं. पाच वर्षांच्या, धुळीत उभ्या गाडीत हे फार सामान्य आहे. सीलच्या ओठावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवला की जातं. यासाठी कॉलम बदलायचा सल्ला मिळाला तर तो ऐकू नका. आवाज थेट स्टीअरिंगच्या चाकामागे, कागद चुरगळल्यासारखा, येत असेल तर एअरबॅग आणि हॉर्नची वायर गुंडाळणारी क्लॉक स्प्रिंग असू शकते. सोबत हॉर्न बंद पडला किंवा एअरबॅगचा दिवा लागला तर नक्कीच तिकडे बघायचं. ते काम घरी उघडू नका.

‘टण्’ किंवा ‘टक्’ असा स्प्रिंग उडाल्यासारखा आवाज, जागेवर वळवताना, म्हणजे स्ट्रटच्या वरच्या, माउंटजवळच्या बेअरिंगवर संशय घेणं बरोबर आहे. या बाबतीत सर्व्हिस सेंटरचा अंदाज खरा असू शकतो. खात्री करायची रीत: पुढच्या चाकाच्या कमानीतून हात घालून स्प्रिंगवर बोटं टेकवा, दोन वेटोळ्यांच्या मध्ये बोट घालू नका, आणि सोबत्याला स्टीअरिंग फिरवायला सांगा. स्प्रिंग न अडकता एकसंध फिरत असेल तर बेअरिंग ठीक. अडकून मग झटक्याने सुटत असेल आणि त्याच क्षणी ‘टण्’ होत असेल तर बेअरिंग गेलंय. ज्या बाजूला सापडलं ती बाजू बदला. दुसरी अजून चांगली असेल तर थांबता येतं, पण मजुरी दोनदा पडेल, हा हिशोब करून ठरवा.

कुरकुर खालून येत असेल आणि गतिरोधकावरही येत असेल तर स्टॅबिलायझर बारचे (वळताना गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचे) किंवा लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या भुजेचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबर. इथे साध्या पाण्याची बाटली कामाला येते. एकेका बुशवर पाणी फवारा आणि पुन्हा वळवून बघा. ज्यावर पाणी पडल्यावर आवाज काही मिनिटं थांबतो तोच दोषी. कायमच्या उपायासाठी बारचा बुश सोडवून, साफ करून, सिलिकॉन ग्रीस लावून बसवता येतो, चिरलेला असेल तर बदलावा. गंज काढायचा साधा स्प्रे रबरावर मारू नका, त्यातलं खनिज तेल रबर खातं. कुठलाही स्प्रे डिस्कवर उडता कामा नये. लोअर आर्मचा बुश बदललाच तर त्याचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचं वजन चाकांवर असलं पाहिजे. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं, कुरकुरतं आणि लवकर फाटतं. लिफ्टवर घाईत केलेल्या कामात हीच चूक सर्वांत जास्त दिसते.

खराब रस्त्यावर कमी वेगात ‘खड-खड’ येत असेल तर बहुधा लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारला जोडणारा छोटा दांडा). त्यात धोका कमी, वैताग जास्त. पण टाय रॉडचे (स्टीअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचे) एंड आणि लोअर आर्मचा बॉल जॉइंट त्याच वेळी तपासा. चाक हवेत घेऊन डावी-उजवीकडे, म्हणजे घड्याळाच्या ९ आणि ३ वर धरून हलवा. खेळ असेल तर एंड किंवा रॅक (स्टीअरिंगचा दातेरी दांडा). १२ आणि ६ वर हलवून खेळ असेल तर बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. यांतला खेळ दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

चालत्या गाडीत पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दिल्यावर ‘टक-टक-टक’, वेगाबरोबर वाढणारं, म्हणजे ॲक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही इंजिनची ताकद पोचवणारा सांधा). मोकळ्या मैदानात दोन्ही दिशांना हळू गोल फिरून बघा. वाजतो तो बहुधा वळणाच्या बाहेरच्या बाजूचा असतो. १८,००० किमीला जॉइंट स्वतःहून झिजत नाही, बूट फाटून ग्रीस बाहेर आणि माती आत गेलेली असते. उभ्या गाडीत बूट उंदीरही कुरतडतात, त्यामुळे बॉनेट उघडून लेंड्या दिसल्या तर बूट आणि एबीएस सेन्सरच्या वायरी दोन्ही बघा. बूट फाटलेला दिसला पण आवाज अजून नसेल तर बूट आणि ग्रीसवर काम निभावतं. आवाज सुरू झाल्यावर नुसता बूट बदलून उपयोग होत नाही.

तेव्हा या गाडीसाठी क्रम असा ठेवेन: आधी ब्रेकचा सराव, मग चारही चाकं काढून पॅडची आणि डिस्कची मिलिमीटरमधली मापं कागदावर, पिना आणि ड्रमची साफसफाई, ब्रेक ऑइल, आणि स्प्रिंगवर बोट ठेवून बेअरिंगची चाचणी. सर्व्हिस सेंटरने मापं दाखवली आणि ती मर्यादेखाली निघाली तर त्यांचा सल्ला माना. मापं न दाखवता डिस्क बदलायला सांगत असतील तर दुसरीकडे दाखवा.

पुढे आवाज परत येऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा सलग १५-२० किमी, ५०-६० च्या वेगात, ब्रेक नीट दाबत चालवा. पार्किंगमध्ये दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवण्याने ब्रेकला आणि रबराला काहीच मिळत नाही. धुतल्यावर किंवा पावसातून आल्यावर शेवटच्या अर्ध्या किलोमीटरमध्ये हलका ब्रेक लावत या, डिस्क सुकतात. आठवड्याहून जास्त उभी राहणार असेल तर सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये, चाकांना दगड लावून, हँडब्रेक सोडून ठेवा. उतारावर मात्र हँडब्रेक हवाच.

ज्यांच्याकडे लगेच बघायलाच हवं असे आवाज आणि लक्षणं ही: ब्रेक लावताना लोखंडावर लोखंड घासल्याची खरखर जी दहा-बारा ब्रेकनंतरही जात नाही, पेडल नेहमीपेक्षा खोल जाणं, गाडी एका बाजूला ओढणं, चाकापाशी जळका वास, स्टीअरिंग वळवून सोडल्यावर परत न येणं किंवा मध्येच अडकणं. यांतलं काहीही दिसलं तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मेकॅनिकला बोलवा किंवा टो करून घ्या.